थुंकू की गिळू?

प्रश्न : बोस्टनला लेकाकडे आले आहे. कोपऱ्यावरच्या छोट्या वाईनच्या दुकानात दर शुक्रवारी चव बघायला फुकट वाईन देतात. लोक चक्क बादलीत थुंकतात! मीही थुंकू? बाटली घ्यावीच लागते का?
– एक नाशिककर आजी

उत्तर : खुशाल थुंका, आजी. चव नाका-जिभेला कळते. चौथ्या पेल्यालाही डोकं ताळ्यावर हवं ना! आधी पांढरी, मग लाल. अत्तर मात्र नको. मी एकदा मोगरा लावून गेले, तर शेजारचे गृहस्थ पेला हुंगून म्हणाले, "वा, काय फुलांचा गंध!" बाटलीची सक्ती नसते, पण दर शुक्रवारी नुसतं चाखून परतणं मला तरी जमलं नाही. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन मागून बघा. मूळ फ्रान्सची तिची द्राक्षं तुमच्या नाशकातही पिकतात.