एफडी मोडून नवा बोर्ड-रॅम घेऊ का? सांगलीच्या एका व्हिडिओ एडिटरला उत्तर

तुमचा मेल नीट वाचला, स्क्रीनचे फोटोही बघितले. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करता, वर्षाला २५ च्या आसपास लग्नं, एका लग्नामागे साधारण १२,०००, रील्स-प्रीवेडिंग धरून महिन्याला सरासरी ४२,००० सुटतात आणि घरखर्च २८,०००. मशीन म्हणजे रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड (मदरबोर्ड), ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम. ४के फुटेज टाकलं की प्रीमियर (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) अडकतं, त्यापायी गेल्या सीझनला दोन-तीन लग्नं परत करावी लागली. दुकानदाराचं कोटेशन असं: बी६५० बोर्ड १४,५००, रायझन ७ ७७०० चे २६,०००, डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) ३२ जीबी ३४,०००, मिळून ७४,५००. प्रश्न असा की १,२०,००० ची एफडी मोडायची का ९ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय घ्यायचा.

माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही नको. आत्ता फक्त रॅम वाढवा, सीझनचे पैसे हातात आले की त्याच बोर्डवर प्रोसेसर बदला, आणि एफडीला हात लावू नका.

का ते सांगतो. तुमच्याच फोटोत टास्क मॅनेजरमध्ये एडिट चालू असताना मेमरी १५.९ पैकी १५.१ जीबी भरलेली दिसतेय आणि प्रोसेसर तेव्हा ६० टक्क्यांवर आहे, म्हणजे गाडी अडतेय ती रॅमपाशी. रॅम भरली की विंडोज डिस्कवर फेकाफेक करायला लागतं, मग टाइमलाइन हलत नाही. प्रोसेसर १०० टक्के जातो तो एक्सपोर्टला, आणि एक्सपोर्ट रात्री लावून झोपता येतं. दुकानदाराने सुचवलेला बोर्ड वाईट नाही, पण तो एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) आहे, त्यात तुमचा जुना प्रोसेसर बसत नाही आणि डीडीआर४ रॅमही बसत नाही (पिना दोन्हीकडे २८८ च असतात पण खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायला जाऊ नका). बोर्ड बदलला की तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतात, त्यामुळे १४,५०० चा बोर्ड खरं तर ७४,५०० ला पडतो.

त्यातही जवळपास निम्मे पैसे रॅमचे आहेत, आणि रॅम घ्यायला सध्याचा काळ फार महाग आहे. २०२५ च्या शेवटापासून मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळलाय, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. अशा भावात जेवढी कमी रॅम घेऊन काम भागेल तेवढीच घ्यावी. डीडीआर४ पण चढलीय, पण तुम्ही विचारलेल्या भावाने १६-१६ ची जोडी १९,००० आणि रायझन ५ ५६०० चे १२,०००, म्हणजे ३१,००० मध्ये काम होतंय. १२,००० च्या हिशोबाने ही तीन लग्नांच्या आतली रक्कम आहे, म्हणजे गेल्या वर्षी परत केलेली कामं या वर्षी धरली तरी वसूल. ७४,५०० साठी सहा लग्नं पूर्ण करूनही थोडे कमीच पडतात.

आता एफडी. तुमचा धंदा आषाढी एकादशीला थंडावतो आणि तुळशीचं लग्न लागल्यावर परत उठतो, हे तुम्हीच लिहिलंय. २८,००० च्या खर्चाने चार महिन्यांचे होतात १,१२,०००, आणि एफडी आहे १,२०,०००. ती एफडी म्हणजे तुमचा चातुर्मास आहे! त्यातून ७५,००० काढले तर दीड महिन्याचं रेशन उरतं, वर मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कापणार ते वेगळं. ईएमआयचं म्हणाल तर महिना ८,३०० च्या जवळ जातो, आणि खर्च नि ५,००० ची एसआयपी वजा जाता तुमच्याकडे उरतात सरासरी ९,०००, तेही सरासरी, श्रावणात नाही. शिवाय नो कॉस्ट म्हणतात तेव्हा दुकान व्याजाएवढी सूट देतं, पण क्रेडिट कार्डवर असेल तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते, आणि रोखीत जी घासाघीस झाली असती ती हातची जाते.

मित्र म्हणतो धंद्याचा खर्च दाखव, टॅक्स वाचेल. अहो, वर्षाचं उत्पन्न पाच लाख. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे टॅक्स शून्यच आहे, मग वाचणार काय? जीएसटी नोंदणी नाही म्हणजे पार्ट्सवरचा १८ टक्के परत मिळायचाही प्रश्न नाही. बिल मात्र पक्कंच घ्या, वॉरंटीसाठी लागतं.

दुसऱ्या बाजूनेही विचार केलाय. एएम४ ची (तुमच्या आत्ताच्या बोर्डच्या सॉकेटची) वाट इथे संपते, आज घेतलेली डीडीआर४ पुढच्या मशीनमध्ये जाणार नाही, हे खरं आहे. पण तुम्हाला दोन-तीन सीझन काढायचेत आणि तेवढं ५६०० आरामात काढतो. एका बाबतीत मात्र तपासून घ्या: फुटेज एच.२६५, ४:२:२, १० बिटचं असेल (रंगाची जास्त माहिती ठेवणारा जड फॉरमॅट, सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांतून येतो) तर ते नुसत्या रॅमने पूर्ण सुटणार नाही, आणि गंमत म्हणजे कोटेशनमधल्या ७७०० नेही नाही, कारण त्याच्या आतल्या ग्राफिक्सला तो फॉरमॅट हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या आतल्या ग्राफिक्सला येतो. तोवर प्रॉक्सी (मूळ फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवून एडिट करा, फुकट आहे, फरक लगेच दिसेल. पुढे कधी नवं मशीन बांधाल तेव्हा इंटेलचंही कोटेशन मागा आणि नावापुढे एफ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं.

आता रॅम घ्यायची कशी. जुन्या ८-८ काढून १६-१६ ची एकाच डब्यातली जोडी लावा, चार वेगवेगळ्या कांड्या एकत्र लावल्या की स्पीड खाली येतो, कधी मशीन चालूच होत नाही. जुन्या कांड्या विका, आत्ता भाव आहे. सेकंडहँड जोडी मिळाली तरी माझी हरकत नाही, रॅम सहसा झिजत नाही, फक्त परत करायची मुदत घ्या आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून एकही एरर नाही ना बघा. बसवल्यावर बायोसमध्ये (बोर्डच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) जाऊन एक्सएमपी (रॅमला पूर्ण स्पीड देणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि पैसे देऊनही स्पीड मिळत नाही. २६०० वर ३२०० ला अडखळली तर २९३३ ठेवा. रॅमचे १९,००० बचत खात्यातल्या ३०,००० मधून द्या.

प्रोसेसरचे १२,००० पुढच्या दोन लग्नांच्या ॲडव्हान्समधून. त्याआधी बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडून ५६०० पुढे कुठला बायोस लिहिलाय ते बघा, आणि जुना २६०० बोर्डवर असतानाच तो बायोस टाका, आधी प्रोसेसर बदललात तर स्क्रीन काळीच राहील. बायोस टाकताना मशीन यूपीएसवर पाहिजे, मध्येच लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. कूलर काढताना मशीन थोडं तापवून, कूलर हळू डावीकडे-उजवीकडे फिरवून मग उचला, सरळ ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात, त्या वाकतात. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, तुमच्याकडे कार्ड आहे म्हणून चालतंय, ते विकू नका. विंडोज ११ साठी नवं मशीन लागतं असं दुकानदार म्हणाला असेल तर तेही बरोबर नाही, तुमचा २६०० सुद्धा त्या यादीत आहे, बायोसमध्ये एफटीपीएम (विंडोज ११ मागतं ती सुरक्षेची सोय) चालू केलं की झालं.

आणि या सीझनपासून प्रत्येक लग्नामागे १,५०० वेगळ्या खात्यात टाका, मशीनच्या नावाने. २५ लग्नांचे वर्षाला ३७,५०० होतात, दोन वर्षांत हेच ७५,००० कुणाकडे हात न पसरता उभे राहतात. एसआयपी चालू ठेवा, ती थांबवायची गरज पडत नाहीये. मेलमध्ये कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलेलं नाहीत, तेवढं कळवा, प्रॉक्सी कुठल्या सेटिंगला करायच्या ते मी इथल्या एका एडिटरला विचारून सांगतो.