दगडाखालचे भुंगेरे श्वास कसा घेतात? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ओढ्यात पाय सोडून बसलो होतो, सहज एक दगड उलटा केला तर खाली दोन-तीन मिलिमीटरचे काळे किडे चिकटलेले. पाण्यात सोडले तर पोहले पण नाहीत, सरळ वाहून गेले. तिथूनच चार पावलांवर डोहात एक मोठा काळा किडा मस्त पोहत होता, सारखा वर यायचा आणि परत खाली जायचा. मित्र म्हणतो दोन्ही भुंगेरेच. असं कसं? आणि तो छोटा वर का येत नाही?

उत्तर : मित्र बरोबर बोलला. पाण्यात राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या १२ हजारांहून जास्त जाती नोंदवल्या गेल्यात. ही मंडळी मुळात जमिनीवरची, वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या वेळी पाण्यात मुक्काम हलवला, पण मोठेपणी श्वासाला हवा लागते ती लागतेच. त्यामुळे ओढ्यात कुठला भुंगेरा कुठे दिसणार हे बरंचसं तो हवा कशी सांभाळतो यावर ठरतं, आणि मला या विषयातलं सगळ्यात आवडणारं हेच आहे.

डोहातला मोठा बहुतेक डायटिस्किड, म्हणजे बुडी मारणारा शिकारी भुंगेरा. तो शेपटीकडची बाजू पाण्याबाहेर काढतो, पाठीवरच्या कडक पंखांखाली हवा भरून घेतो आणि खाली जातो. गंमत अशी की ती हवा नुसती डब्यात भरून नेल्यासारखी नसते, कारण बुडबुड्यातला ऑक्सिजन तो वापरायला लागला की आजूबाजूच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आपोआप बुडबुड्यात शिरतो, म्हणजे बुडबुडा काही वेळ कल्ल्याचं काम करतो. पण नायट्रोजन हळूहळू पाण्यात निघून जातो, बुडबुडा आक्रसत जातो आणि शेवटी वर यावंच लागतं. आता खळाळत्या पाण्यात दर थोड्या वेळाने वर यायचं म्हटलं तर प्रवाह कुठल्या कुठे नेऊन टाकेल, म्हणून हे बहुतेक डोहात, काठच्या गवतात, बुडलेल्या मुळांपाशी सापडतात.

दगडाखालचे ते एल्मिड. त्यांनी वर येण्याची भानगडच मिटवून टाकली. त्यांच्या अंगावर पाणी न धरणाऱ्या केसांची इतकी दाट लव असते की तिच्यात हवेचा एक पातळ थर कायमचा अडकून राहतो. त्याला प्लास्ट्रॉन म्हणतात. हे केस हवेला आक्रसूच देत नाहीत, त्यामुळे ऑक्सिजन पाण्यातून येत राहतो आणि किडा वर न येता खालीच राहू शकतो. अट एकच, पाण्यात ऑक्सिजन भरपूर हवा, आणि तो दगडांवर आपटत, फेसाळत जाणाऱ्या पाण्यात असतो. म्हणून ते तिथेच राहतात, पोहण्यापेक्षा धरून राहण्यावर भर, शरीराच्या मानाने पाय लांब आणि टोकाला चांगल्या मोठ्या नख्या. तुमच्या हातून सुटले तेव्हा वाहून गेले ते त्यामुळेच.

प्रश्न : मुलाने असेच दगडाखालचे किडे बरणीत घरी आणले. पाणी ओढ्याचंच होतं, तरी सकाळपर्यंत सगळे मेले. काय चुकलं?

उत्तर : पाणी तेच होतं पण ते थांबलं होतं. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना फक्त ८ च्या आसपास. बरणी खोलीत गरम होते, पाणी हलत नाही, आतले किडे आहे तो ऑक्सिजन वापरत राहतात आणि नवीन पुरेसा येत नाही. डायटिस्किड असता तर वर येऊन हवा घेऊन गेला असता, एल्मिडला ती सोय नाही. मुलाला रागावू नका, दगड उलटा करून बघणारं मूल चांगलंच. पुढच्या वेळी ओढ्याकाठीच पांढऱ्या ताटात पाणी घ्या, दहा मिनिटं भिंगाने बघा आणि तिथेच सोडा. आणि दगड जसा होता तसाच, तीच बाजू खाली करून ठेवा, कारण खाली अंडी पण असू शकतात.

प्रश्न : दगडाला एक चपटं, गोलसर, तपकिरी नाण्यासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. शिंपला समजून काढायला गेले तर हललं!

उत्तर : अळी होती ती, सेफेनिड भुंगेऱ्याची! उलटी केलीत तर सहा पाय आणि डोकं दिसेल, सगळं त्या ढालीखाली झाकलेलं. दगडाच्या अगदी लगत पाण्याचा वेग फार कमी असतो, त्या पातळ थरात ती चपटी होऊन बसते आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खाते. मोठा झालेला भुंगेरा मात्र पाण्याबाहेर राहतो, मादी अंडी घालायला परत पाण्यात उतरते.

प्रश्न : पाण्यावर गोल गोल फिरणारे चकचकीत काळे किडे पण भुंगेरेच का?

उत्तर : हो, जायरिनिड. प्रत्येक डोळ्याचे दोन भाग असतात, एक पाण्यावरचं बघतो, एक पाण्याखालचं. आणि मिशांना पाण्यावरचे तरंग कळतात, म्हणून एवढ्या गर्दीत भिरभिरताना ते क्वचितच आपटतात.

प्रश्न : आमच्या ओढ्याचं पाणी काचेसारखं आहे. पण वर कपडे धुतात, आणि आता काठ सिमेंटने बांधायचं चाललंय. भुंगेऱ्यांना फरक पडेल का?

उत्तर : पडेल, आणि दोन्ही गोष्टींनी. साबण आणि डिटर्जंटने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, मग जी लव पाणी अडवत होती तिच्यात पाणी शिरतं आणि प्लास्ट्रॉन जातो. म्हणजे पाणी दिसायला नितळ, ऑक्सिजनही आहे, तरी किडा गुदमरतो. डोळ्याने बघून ओढा ठीक आहे म्हणणं त्यामुळे मला पटत नाही, दगड उलटून बघायला हवेत.

काठाचं तर याहून महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच कोणी बोलत नाही. पाणभुंगेऱ्यांच्या बहुतेक जातींच्या अळ्या कोषात जायच्या वेळी पाण्याबाहेर येतात, ओल्या मातीत, दगडाखाली, पाल्यापाचोळ्यात जागा करतात आणि तिथे त्यांचा भुंगेरा होतो. एल्मिडमध्ये तर बऱ्याच जाती कोषातून निघाल्यावर एकदा उडून पाण्यात जातात, मग उडायचे स्नायूच झिजतात आणि ते पुढे पाण्यातच राहतात. आता सरळ सिमेंटची भिंत उभी केली तर अळीने जायचं कुठे? मोठे भुंगेरे काही काळ दिसत राहतील, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटेल, पण नवीन पिढी येणार नाही. काम थांबवता येत नसेल तर निदान काही पट्टा मातीचा, मुळांचा, सुट्या दगडांचा ठेवा असं आत्ताच लेखी मागा, भिंत झाल्यावर ती माती परत आणणं फार अवघड असतं.