जवानाला सुरी भेट देताय? आधी हे बघा

भेट छान निवडलीत. फक्त पाठीवर करवतीचे दात असलेला भलामोठा सुरा घेऊ नका. नवखे हमखास तिथेच फसतात. सैनिकाचं रोजचं काम म्हणजे दोर कापणं, खोकी उघडणं, काटक्या तासणं. त्याला १०-१२ सेंटीमीटरचं पातं पुरतं.

- पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड हवं, म्हणजे फुल टँग.
- म्यान पात्याइतकंच महत्त्वाचं. सुरीसकट उलटं धरून हलवा. निसटली तर नको. चामडं दिसतं झकास, पण ओल धरतं.
- कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण निगा नसेल तर गंजतं. शंका असेल तर स्टेनलेस.

नाव कोरण्याआधी त्याच्या तुकडीत स्वतःची सुरी चालते का, ते त्यालाच विचारा. सरप्राइज बुडालं तरी हरकत नाही. धार लावायच्या दगडांबद्दल नंतर बोलू.