ग्राउट पुढे सरकत नाही म्हणून पाणी वाढवलं, तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुलाचा ४० मीटरचा पीएससी (पूर्वताणित काँक्रीटचा) गर्डर, १९ स्ट्रँडच्या (पिळलेल्या पोलादी तारांच्या दोरांच्या) चार केबल, त्यांची शीथिंग (काँक्रीटमधली नळी, म्हणजे डक्ट) ८५ मिलिमीटर. दुपारी ग्राउटिंग करताना ग्राउट (ताणलेल्या केबलभोवती नळीत पंपाने भरायचं सिमेंट-पाण्याचं मिश्रण) दुसऱ्या टोकाला पोचेना, तेव्हा ऑपरेटरने गोणीमागे पाच लिटर पाणी जास्त घातलं आणि ते लगेच बाहेर आलं. तीन केबल अशाच भरल्या. सुपरवायझर म्हणतो, स्ट्रेसिंग (केबल ताणणं) झालंय, ग्राउट म्हणजे नुसतं भरण.

नाही चालत. चौथी केबल तशी भरू नका आणि भरलेल्या तिन्ही उघडून बघा.

५० किलोच्या गोणीला २० लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण ०.४०. पाच लिटर वाढले की ०.५० झालं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या आयआरसी १८ संहितेतसुद्धा मुभा ०.४५ पर्यंतच होती. हे जास्तीचं पाणी सिमेंटमध्ये राहत नाही. सिमेंट खाली बसतं आणि पाणी वर येतं. त्यात स्ट्रँड म्हणजे मधल्या एका तारेभोवती पिळलेल्या सहा तारा. समईतली वात तेल ओढते तसं त्या तारांमधल्या फटी पाणी वर ओढतात. म्हणून काचेच्या बरणीत नुसतं ग्राउट ओतून केलेली चाचणी फसवी ठरते. एक मीटरची पारदर्शक नळी उभी करा, तिच्यात स्ट्रँडचा तुकडा ठेवा, ग्राउट भरा आणि तीन तास थांबा. वर साचलेलं पाणी ०.३ टक्के, म्हणजे तीन मिलिमीटर, याच्या आत हवं. तुमचं पातळ केलेलं मिश्रण यात टिकणार नाही.

आता हे पाणी जमतं कुठे ते पाहा. साध्या आधारावरच्या गर्डरमध्ये केबल मध्यावर खाली आणि टोकांना वर असते. म्हणजे पाणी जमणार अँकरच्या (केबलचं टोक धरून ठेवणाऱ्या भागाच्या) मागे, आणि नेमकं तिथेच डोक्यावर एक्स्पान्शन जॉइंट (दोन गाळ्यांमधला सांधा) असतो, जो काही वर्षांनी गळतोच. सलग पुलात हीच पोकळी पिअरवरच्या (मधल्या खांबावरच्या) उंचवट्यात होते. पाणी सुकलं की स्ट्रँड उघडा पडतो. चांगल्या ग्राउटचा क्षारपणा पोलादाला जपतो, पोकळीत जपणारं काही नसतं. १२.७ मिलिमीटरचा एक स्ट्रँड १८३.७ किलोन्यूटनला तुटतो आणि आपण त्याला त्याच्या पाऊण भाग, म्हणजे जवळजवळ १४ टन, कायमचं ताणून ठेवलेलं असतं. अशा तारेला गंजाचा छोटा खड्डा पुरतो. बाहेर ना तडा, ना तांबूस डाग.

फ्लोरिडात १९९९ मध्ये नाइल्स चॅनेल पुलाची आणि २००० मध्ये मिड-बे पुलाची केबल अशाच पोकळ्यांमुळे तुटली. ब्रिटनने १९९२ ते १९९६ अशा ग्राउट केलेल्या केबलचे नवे पूल बांधणंच थांबवलं होतं. आपल्या शेजारी, पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, तिथेही केबलचा गंज हे मोठं दुखणं होतं. सुपरवायझरला एवढं जरूर सांगा.

मग ग्राउट पुढे का जात नव्हतं? पहिला संशय उन्हाचा. तापलेली शीथिंग आणि उन्हात रचलेल्या गोण्या असल्या की ग्राउट बघता बघता घट्ट होतं. पहाटे भरा, पाण्यात बर्फ टाका (बर्फाचं वजन पाण्यात धरा), ग्राउट २५ अंशांच्या आसपास ठेवा. दुसरा संशय मिक्सरचा. ड्रिलला पाती लावून ढवळलं की गुठळ्या राहतात आणि त्या स्ट्रँडमध्ये अडकतात. जलद फिरणारा कोलॉइडल मिक्सर, पुढे सतत ढवळणारी टाकी आणि मध्ये बारीक जाळी हवी. आधी पाणी, मग सिमेंट, शेवटी क्लोराइड नसलेलं, मिश्रण प्रवाही करणारं रसायन म्हणजे अ‍ॅडमिक्श्चर. प्रवाहीपणा कमी पडला तर तो अ‍ॅडमिक्श्चरने वाढवायचा, तोही आधी चाचणी घेऊन. कालवून ३० मिनिटं झालेलं ग्राउट फेकून द्या, त्यात पाणी घालून जिवंत करू नका. तिसरा संशय म्हणजे काँक्रीट ओतताना नीडल (काँक्रीट बसवायचा कंपक) लागून शीथिंग फाटली आणि आत मॉर्टर शिरलं. हे ग्राउटच्या आधीच पाण्याने धुताना कळायला हवं. धुतल्यावर आतलं पाणी हवेने बाहेर काढायला विसरू नका.

मालाचा हिशेब आधी करून ठेवा, तो फार बोलका असतो. ८५ मिलिमीटरच्या डक्टमधून १९ स्ट्रँडची जागा वजा केली की मीटरला ३.८ लिटर पोकळी उरते, ४० मीटरला सुमारे १५२ लिटर. ०.४० च्या एका गोणीचं ग्राउट ३६ लिटर होतं. म्हणजे सव्वाचार गोण्या, सांडलवंड धरून सहा. तीन गोण्यांतच दुसऱ्या टोकाला आलं तर आत हवा कोंडली आहे. आठ लागल्या तर शेजारच्या डक्टमध्ये गळतंय. ती केबलही लगोलग भरा, नाहीतर ती कायमची बुजेल.

भरताना ०.३ मेगापास्कलच्या आत सुरुवात करा, पंप मध्ये थांबवू नका. दुसऱ्या टोकाला आधी पाणी येतं, मग पाणचट ग्राउट, मग दाट. पाणचट दिसलं की लोक व्हेंट (हवा-पाणी बाहेर सोडायची नळी) बंद करतात, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. आत जातंय तितकंच दाट येईपर्यंत बादलीत वाहू द्या, मग बंद करून ०.५ मेगापास्कल दाब किमान एक मिनिट धरा. थोड्या वेळाने वरचा व्हेंट उघडून साचलेलं पाणी सोडा आणि पुन्हा दाब द्या. केबल अडलीच तर दाब वाढवत बसू नका. उलट बाजूने पाणी सोडून सगळं धुऊन काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा.

भरलेल्या तीन केबलचं काम डेक स्लॅब आणि एंड डायफ्रॅम (गर्डरची टोकं जोडणारी आडवी भिंत) ओतण्याआधीच उरका, नंतर ती टोकं हाताला लागत नाहीत. दोन्ही टोकांच्या कॅप काढा, अँकरवर हलकं ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका, व्हेंटमधून तार घाला, बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) मिळाला तर आत बघा. पोकळी सापडली तर तिथे व्हॅक्यूम लावून पुन्हा ग्राउट भरून घ्या. प्रत्येक केबलला किती गोण्या लागल्या, किती दाब धरला आणि काय दुरुस्त केलं ते ग्राउटिंग रजिस्टरमध्ये केबल क्रमांकासह लिहून कन्सल्टंटची सही घ्या.