हसू आलं, मग पुढं?

या महिन्याच्या टपालात फोटोंच्या प्रदर्शनाबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली चार निवडली आहेत. रस्त्यावर चालताबोलता टिपलेले, बघताक्षणी हसू फुटेल असे फोटो, हा त्या सगळ्यांचा विषय आहे. माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंच्या प्रिंट काढण्यात गेलं, त्यामुळे या पत्रांना उत्तरं देताना फार आनंद झाला.

साताऱ्याच्या एक चित्रकला शिक्षिका लिहितात : ताई, सुट्टीत मुंबईला भावाकडे गेले होते. दोन भाचरांना घेऊन अशा एका प्रदर्शनाला गेले. एका फोटोत भिंतीवर ‘येथे बसू नये’ असं रंगवलेलं आणि बरोब्बर त्या अक्षरांच्या वर, भिंतीच्या काठावर ओळीनं सात कावळे बसलेले. मुलं खदखदून हसली, मीही हसले. शेजारच्या गृहस्थांनी वळून आम्हाला गप्प केलं. आम्ही दहा मिनिटांत सगळं बघून बाहेर पडलो. असे फोटो बघताना हसायचं नसतं का? आणि दहा मिनिटांत बघून होतात, म्हणजे त्यांत फारसं काही नसतं का?

हसायचंच. आवाज करून हसायचं. ज्यानं ते कावळे टिपले, तो त्या दालनात कुठंतरी कोपऱ्यात उभा असेल, तर तुमच्या भाचरांच्या हसण्यानं त्याचा सगळा दिवस सार्थकी लागला असेल. कलादालनात देवळातल्यासारखं हळू बोलावं ही आपल्याकडची सवय आहे. रंगचित्रांपुढे ती एखादवेळी शोभतही असेल, पण विनोदी फोटोसमोर गप्प राहायला सांगणं म्हणजे फार्स बघताना प्रेक्षकांच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं आहे. त्या गृहस्थांचं मनावर घेऊ नका.

दहा मिनिटांचं मात्र मला लागलं. तुम्ही मुलांना चित्रकला शिकवता, म्हणून सविस्तर सांगते.

माझे वडील दादरला स्टुडिओ चालवायचे. दहावीनंतर मी त्यांच्या डार्करूममध्ये, म्हणजे प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीत उभी राहिले, ती पुढची सत्तावीस वर्षं. एकदा एक हौशी फोटोग्राफर वाईहून रोल घेऊन आले. त्यातली एक फ्रेम बघून वडील आणि मी दोघंही हसलो. लिंबाच्या झाडाला खिळ्यानं आरसा लटकवलाय, खाली खुर्चीत गिऱ्हाईक बसलंय, तोंडाला साबणाचा फेस, डोळे मिटलेले. हातातलं वर्तमानपत्र खाली लोंबतंय आणि एक शेळी ते निवांत खातेय. त्यांना बारा बाय पंधराची प्रिंट हवी होती. मागच्या घराचं दार नुसतं काळं येत होतं, म्हणून तारेच्या टोकाला चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा एनलार्जरखाली (निगेटिव्हवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) त्या जागेवर हलवत धरला आणि तिथं प्रकाश थोडा कमी पडू दिला. तो कागद डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या ट्रेमध्ये टाकला. आधी फेस लावलेल्या माणसाभोवतीचा काळेपणा वर आला, मग शेळी, मग झाड, आणि सगळ्यात शेवटी त्या दारात एक पाच-सहा वर्षांची मुलगी. फ्रॉक घातलेली, दोन्ही हात तोंडावर दाबून हसू आवरणारी. शेळी काय करतेय ते तिला ठाऊक आहे आणि ती सांगत नाहीये! निगेटिव्ह हातात धरून आम्ही तो फोटो चार-पाचदा पाहिला होता. ज्यांनी काढला त्यांनाही ती मुलगी दिसली नव्हती.

म्हणून सांगते, ज्या गोष्टीवर पहिलं हसू येतं, तिच्यावरून नजर काढायची आणि फोटोच्या कडांकडे न्यायची. कोण बघतंय, कोणाला पत्ताच नाही, सावली कुठं पडलीय. सात कावळ्यांपैकी एखादा पाठमोरा होता का? भिंतीपलीकडे काय होतं? भाचरांना विचारून बघा, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल.

एलियट अर्विट हे या प्रकारातलं फार मोठं नाव. 1928 साली पॅरिसमध्ये जन्मले, 2023 मध्ये न्यूयॉर्कला वारले. माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात 1995 साली काढलेला त्यांचा एक फोटो मिळाला तर वर्गात जरूर दाखवा (मुलांच्या वयाचा विचार करून). गोया या स्पॅनिश चित्रकाराची दोन चित्रं शेजारी शेजारी लावलेली आहेत. तीच स्त्री, तसंच पहुडणं, एकात कपडे घातलेले, दुसऱ्यात नाहीत. विवस्त्र चित्रासमोर पुरुषांचा घोळका आहे आणि कपडे घातलेल्या चित्रासमोर एकटी एक बाई. सगळे पाठमोरे, एकाचाही चेहरा दिसत नाही, तरी माणसं ओळखीची वाटतात. आता हा फोटो प्रदर्शनात लागतो तेव्हा त्याच्यासमोरही माणसं अशीच पाठमोरी उभी राहतात. मला तर दर वेळी वाटतं, आपल्या मागंही कुणी कॅमेरा घेऊन उभं असेल.

मुलांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रदर्शनात फोटोचा मध्य साधारण पाच फुटांवर येईल अशा बेतानं फ्रेम लावतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या नजरेला. आठ वर्षांच्या मुलाला सगळं खालून बघावं लागतं आणि काचेवरची दिव्याची चकाकीच जास्त दिसते. त्याला दोन पावलं मागं न्या, नाहीतर सरळ कडेवर घ्या. अर्विट यांनी 1946 साली न्यूयॉर्कच्या फुटपाथवर स्वेटर घातलेल्या चिमुकल्या कुत्र्याचा फोटो काढला, तो कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून. शेजारी मालकिणीची फक्त सँडलमधली पावलं आहेत. कुत्र्याच्या उंचीवरून जग दाखवलं, म्हणून तो फोटो इतका गोड झाला.

डोंबिवलीचा एक कॉलेजचा विद्यार्थी विचारतो : मी मोबाइलवर रस्त्यावरचे फोटो काढतो. मित्र म्हणतो, प्रदर्शनात दिसतात तसे योग कधी जुळून येत नाहीत, सगळं आधी उभं केलेलं असतं. खरं काय?

तुझ्या मित्राचं थोडं खरं आहे आणि ते तुला माहीत असायला हवं. पॅरिसच्या नगरभवनासमोर गर्दीत चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा फोटो तू कुठं ना कुठं पाहिला असशील. तो रोबेर द्वानो यांनी 1950 साली एका अमेरिकन मासिकासाठी काढला. ती दोघं नाटक शिकणारी मुलं होती आणि द्वानोंनी त्यांना तसं उभं राहायला सांगितलं होतं. ‘ते जोडपं आम्हीच’ असं म्हणत दुसरी माणसं पुढं आली, प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा चाळीसेक वर्षांनी हे उघड झालं. लोक हळहळले. मीही हळहळले होते.

पण त्याच द्वानोंचं 1948 सालचं दुसरं काम बघ. पॅरिसमधल्या एका चित्रांच्या दुकानात, रस्त्यावरून दिसेल असं एका विवस्त्र स्त्रीचं चित्र लावलेलं. द्वानो आत कॅमेरा लपवून बसले आणि काचेपलीकडे थांबणाऱ्यांचे चेहरे टिपत राहिले. एका फोटोत बायको समोरच्या कुठल्याशा चित्राबद्दल नवऱ्याला मन लावून काहीतरी सांगतेय आणि नवऱ्याची नजर तिरकी होऊन त्या दुसऱ्या चित्रावर. इथं कुणालाही काही करायला सांगितलेलं नाही. जागा निवडली आणि वाट पाहिली, एवढंच. माझ्या लेखी हा फोटो त्या चुंबनाच्या कितीतरी वर आहे. अर्विटसुद्धा कुत्र्यांवर भुंकायचे, हॉर्न वाजवायचे, म्हणजे कुत्रं दचकून उडी मारेल. पण उडी कुत्र्याची स्वतःची असायची.

आणि योग जुळून येतात रे बाबा. मी हजारो कॉन्टॅक्ट शीट पाहिल्यात. छत्तीस फ्रेमचा रोल, सगळ्या फ्रेम ओळीनं एका कागदावर. चांगल्या फोटोग्राफरच्या शीटवर एकाच नाक्याच्या वीस-वीस फ्रेम असतात. रिकामी भिंत, एक बाई गेली, सायकल गेली, परत रिकामी भिंत. मग एकविसाव्या फ्रेममध्ये ते घडतं आणि बाविसाव्यात संपलेलं असतं. प्रदर्शनात आपल्याला फक्त एकविसावी दिसते.

आपल्याकडच्या होमाई व्यारावाला यांचं काम बघ. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. ‘छायाचित्रणास सक्त मनाई’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी आणि तिच्या शेजारी खुद्द पंडित नेहरू उभे, असा त्यांचा एक फोटो आहे. पाटी रोज तिथंच होती. होमाईंना ती दिसली, आणि नेहरू तिच्या शेजारी आले तेव्हा कॅमेरा तयार होता.

तू डोंबिवली स्टेशनाबाहेर एखादी पाटी, एखादं होर्डिंग शोध आणि रविवारी दोन तास तिथंच थांब. फिरू नकोस. आणि रुळांजवळ, लोकलच्या दारात हा उद्योग अजिबात करायचा नाही.

सांगलीहून एक गृहिणी : फोटोखाली लाल टिकली आणि पेन्सिलनं 3/10 असं लिहिलेलं होतं. ते काय असतं? आणि प्रदर्शनातल्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला तर चालतो का?

लाल टिकली म्हणजे तो फोटो विकला गेला. 3/10 म्हणजे त्या आकारात फोटोग्राफर दहाच प्रिंट काढणार, त्यातली ही तिसरी. मोबाइलचं तिथल्या माणसाला विचारा, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. फ्लॅश मात्र बंद ठेवा.

कोल्हापूरचे एक वाचक : पुण्यातल्या अशाच प्रदर्शनात मला माझे काका दिसले. एसटी स्टँडच्या बाकावर झोपलेले, तोंड उघडं, मांडीवर पिशवी. मागच्या भिंतीवर टूथपेस्टची जाहिरात, त्यातला माणूसही तसंच तोंड उघडून हसतोय. लोक हसत होते. काकू दवाखान्यात होत्या, काका रात्रभर जागून गावी परत निघाले होते, त्या दिवसांतला तो फोटो आहे. मी कुणालाच काही न बोलता बाहेर पडलो. काकांना अजून सांगितलेलं नाही. काय करावं?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी कायद्याचं. सार्वजनिक जागी कुणाचा फोटो काढणं हा आपल्याकडे एरवी आपोआप गुन्हा होत नाही. दुसरीकडे, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली सांगितलंय. न्यूयॉर्कमध्ये असं एक प्रकरण गाजलं होतं. फिलिप-लोर्का डिकोर्सिया यांनी टाइम्स स्क्वेअरमधून जाणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले, प्रदर्शन लावलं, प्रिंट विकल्या. त्यातल्या एका वृद्ध गृहस्थांना ते पुढं कळलं. आपल्या धर्मश्रद्धेला हे धरून नाही म्हणून ते कोर्टात गेले. 2006 साली निकाल फोटोग्राफरच्या बाजूनं लागला, ही कला आहे, म्हणून. निकाल वाचून मला त्या वृद्ध गृहस्थांचंच वाईट वाटलं.

भिंतीवर काय लावायचं हे कायद्याच्या आधी माणसानं ठरवायचं असतं. आमच्याकडे एकदा गटारात पडलेल्या दारुड्याची निगेटिव्ह आली होती. फोटो हसू येईल असाच होता. वडिलांनी ती गिऱ्हाइकाला परत केली. म्हणाले, हा माणूस उद्या शुद्धीवर येणार आहे. पैसे घेतले नाहीत. वाईच्या त्या फोटोतल्या, फेस लावलेल्या माणसासाठी मात्र प्रिंट त्यांनीच एक जादा काढायला लावली आणि पोस्टानं त्याला धाडली. शेळीची गोष्ट त्यानं स्वतःच गावभर सांगितली असणार.

तुमच्या काकांचा फोटो यातला कुठला, ते मी ठरवू शकत नाही. खरं सांगू का, तुम्हीही नाही. फोटोग्राफरला त्या बाकावर एक दमलेला म्हातारा आणि एक जाहिरात दिसली. काकू, दवाखाना, जागरण हे त्याला कुठून कळणार? तुम्हाला ते सगळं दिसलं, म्हणून तुम्हाला हसू आलं नाही. पण चेहरा काकांचा आहे. त्यांना सांगा. प्रदर्शनाच्या पत्रकावर फोटोग्राफरचा नंबर असतो, त्याच्याकडून फोटो मागवून घ्या आणि दुपारचं जेवण झाल्यावर, घरात फारशी माणसं नसताना काकांपुढं ठेवा. हा हसण्यासारखा म्हणून लावला होता, असं स्पष्ट सांगा. लपवू नका.

त्यांना नको असेल तर फोटोग्राफरला लेखी कळवा, हा फोटो पुन्हा लावू नये, विकू नये, आणि का ते दोन ओळींत लिहा. दवाखान्याचं लिहिलंत तर बहुतेक जण ऐकतात, असा माझा अनुभव आहे. आणि काका हसलेच, तर त्या माणसाकडून एक चांगली प्रिंट हक्कानं मागून घ्या. पैसे देऊ नका.

काका काय म्हणाले ते मला कळवाल ना? काकूंची तब्येत आता कशी आहे तेही लिहा.