शपथ मोड, वहिनी

‘ताई, आम्ही कोपरखैरण्याला राहतो. धाकटे दीर सत्तावीस वर्षांचे. ऐरोलीतली नोकरी गेली, ट्रेडिंगमध्ये पैसे बुडाले, वर ॲपवरून कर्ज काढलं. कित्येक दिवस खोलीबाहेर आले नाहीत, नीट जेवले नाहीत. “माझ्यामुळे सगळ्यांच्या डोक्याला ताप” एवढंच बोलायचे. गेल्या आठवड्यापासून मात्र एकदम मजेत आहेत. क्रिकेटचं किट माझ्या मुलाला देऊन टाकलं, बँकेचे आणि विम्याचे कागद फाइलला लावून सासूबाईंच्या कपाटात ठेवले. सासूबाई म्हणतात, देव पावला. पण परवा रात्री ओट्याशी येऊन म्हणाले, “वहिनी, आता थोडेच दिवस, मग कुणाला त्रास नाही.” वर शप्पथ घातली, दादाला सांगू नकोस म्हणून. यांच्या कानावर आडून घातलं, तर म्हणे नाटकं आहेत. मी सरळ विचारू का? आणि डोक्यात नसलेलं माझ्यामुळे आलं तर?’

तुला उत्तर पत्र मिळालं त्याच दिवशी फोनवर दिलं होतं. तुझ्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून ते इथे छापते आहे, कारण हेच भय उराशी धरून बसलेल्या वहिन्या, बहिणी, मित्र खूप आहेत.

विचार. आजच विचार. विचारल्यामुळे जीव द्यायचा विचार मनात शिरत नाही, हे मानसोपचारतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आलेत. आणि इथे तर अर्धं त्याने स्वतःच ओट्याशी येऊन सांगून टाकलंय. उरलेलं अर्धं कुणीतरी विचारावं म्हणूनच तो तिथे आला असेल.

कसं विचारायचं? सासूबाईंसमोर नको, जेवणाच्या ताटावर नको. भाजी आणायला सोबत ने. ‘भावजी, परवाचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. जीव द्यावा असं वाटतंय का तुम्हाला?’ इतकं सरळ. ‘काही वेडंवाकडं तर नाही ना मनात?’ असं विचारलंस, तर समोरच्याला ‘नाही’च म्हणावं लागतं, तेच ऐकायचंय हे आपण प्रश्नातच सांगून टाकलेलं असतं. विचारून झालं की गप्प राहा. तो बोलला नाही तरी तू बोलू नकोस. आणि ‘आईकडे तरी बघा’ हे कृपा करून म्हणू नकोस. आईला आपलं ओझं झालंय, हेच तर त्याच्या डोक्यात घोळतंय.

मला सगळ्यात जास्त घोर त्याच्या हसण्याने लावला. खूप दिवस खचलेला माणूस अचानक मोकळा दिसू लागला की घर सुटकेचा निःश्वास टाकतं. खरंच बरा वाटत असेलही. पण कधी कधी आतली ओढाताण संपलेली असते, कारण निर्णय झालेला असतो. नुसता हसला असता तर मी तुला थांब, बघ म्हटलं असतं. किट दिलं, कागद लावले आणि ‘थोडेच दिवस’ म्हणाला. ही तिन्ही एकत्र आली, तिथे ‘बघू’ म्हणायची सोय नाही.

राहिली शपथ. मोड. देवाधर्माचं पाप लागत असेल तर माझ्या नावावर टाक. त्यालाही लपवून नको, तोंडावर सांग: ‘हे मी एकटी पोटात ठेवणार नाही, दादांना सांगणार आहे.’ चिडेल. चिडू दे, नंतर समजूत काढता येईल.

तो ‘हो’ म्हणाला, तर कधी, कसं असं काही ठरवलंय का तेही विचार. ठरवलं असेल तर आता त्याला एक क्षणही एकटं सोडायचं नाही, आणि ज्या गोष्टीचं नाव घेईल ती आधी घरातून हलवायची. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्यासुद्धा आजपासून कुलपात, किल्ली तुझ्याकडे. जीव देण्याची ती तीव्र ऊर्मी बहुधा काही काळाने ओसरते. मधल्या वेळात हाताशी काही नसणं, यानेही माणसं वाचतात. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेला १०८ लावा, किंवा रिक्षा करून सरळ जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

तसं नसेल तरी दोन-चार दिवसांत मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तोवर १४४१६ लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा, २०२२पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्यानेच केला पाहिजे असं नाही; आधी तू कर, काय बोलू हेही त्यांनाच विचार.

डॉक्टरचं नाव काढलं की कुणीतरी ‘ठाण्याला न्या मग’ म्हणून हसेल. आपल्या भागातला हा फार जुना आणि फार नीच विनोद. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१पासून उभं आहे, आणि तिथल्या ओपीडीतून रोज माणसं औषधं घेऊन आपापल्या घरी परत जातात. पोलिसांच्या भीतीनेही गप्प बसू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्याला गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस मानलंय, त्याची काळजी घेणं सरकारवर सोपवलंय. कर्जवाले धमक्या देत असतील तर स्क्रीनशॉट जपून ठेवा, सायबर पोलिसांत तक्रार करा. पण ते नंतर. आधी माणूस.

आता तुझे मिस्टर. ‘नाटकं’ म्हणणारा भाऊ बहुतेक वेळा घाबरलेला असतो. त्यांच्याशी वाद घालू नकोस, कामाला लाव: आज रात्री भावाच्या खोलीत अंथरूण टाका म्हणावं, लहानपणी झोपायचात तसं. सल्ला द्यायचा नाही, हिशेब विचारायचा नाही. आणि डॉक्टरकडे पहिल्यांदा त्यांनीच घेऊन जायचं. तू घरी सासूबाईंपाशी थांब, त्यांना हे सगळं तुलाच सांगावं लागणार आहे.