बी.एस्सी. झालं, आता पुढे काय? बी.एड., एमपीएससी की नोकरी?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. पारोळा तालुका, घरी पाच एकर कोरडवाहू, केमिस्ट्रीत बी.एस्सी., बासष्ट टक्के. वडील म्हणतात बी.एड. कर, मामा म्हणतात पुण्याला जाऊन एमपीएससीची तयारी कर, आणि मित्र डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या कोर्सला ओढतोय. शेवटी तुम्ही लिहिलंय की मला काय आवडतं तेच कळत नाही.

मी चोपडा तालुक्यातली. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. करून जळगावला एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे बाटलीत रोपं वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत, लागले आणि अजून त्याच कामात आहे. नवी पोरं-पोरी कुठून येतात, किती टिकतात, का सोडून जातात हे रोज बघते, त्यावरून सांगते.

काय आवडतं हे घरात बसून कळणारच नाही. आपल्याकडे पदाचं नाव आवडतं. तहसीलदार, शिक्षक, केमिस्ट. पण त्या माणसाचा सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच हा वेळ कशात जातो, हे आपण कधी बघितलेलंच नसतं. म्हणून ठरवण्याआधी दोन-तीन कामं जवळून बघून या.

आमचंच घ्या. लॅब म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पांढरा कोट येतो. प्रत्यक्षात ऑपरेटर टोपी, मास्क, हातमोजे घालून लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या टेबलासमोर, बसतो. काचेच्या बाटलीतून चिमट्याने केळीच्या कोंबांचा पुंजका बाहेर काढायचा, ब्लेडने वेगळा करायचा, नव्या बाटलीत ठेवायचा, चिमटा पुन्हा निर्जंतुक करायचा, पुढची बाटली घ्यायची. दिवसभर हेच. हात जरा कुठे चुकीचा लागला तर चार-पाच दिवसांनी बाटलीत बुरशी दिसते आणि ती बाटली बाद. तुमच्यासारख्या केमिस्ट्रीवाल्याचं काम बहुधा मीडिया रूममध्ये, म्हणजे रोपांचं खाद्य तयार करतात त्या खोलीत, असतं. मिलिग्रॅममध्ये क्षार तोलायचे, स्टॉक सोल्यूशन करायचं, पीएच ५.८ वर आणायचा, ते घट्ट करायला अगार घालायचं, १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक, करायचं. पीएच फार खाली गेला तर अगार घट्टच होत नाही, अख्खी बॅच वाया. शिवाय प्रत्येक गोष्टीची नोंद, कारण केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणीकरणाची पद्धत आहे आणि तिथे कागद बघतात. इथून निघालेलं जी-नाईन या केळीच्या वाणाचं रोप हार्डनिंग होऊन, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावून, रावेर-यावलच्या शेतात उभं राहतं. एखाद्या शेतकऱ्याने घडाचा फोटो पाठवला की मला आजही फार बरं वाटतं. पण हुशार, चांगल्या मार्कांच्या मुली दहा दिवसांत काम सोडून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एका जागी बसणं त्यांना झेपलं नाही. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना हे काम आधी कुणी दाखवलंच नव्हतं.

आणि आपल्या भागात सायन्सवाल्याला काम नाही हे जे सगळे म्हणतात, ते मला पटत नाही. जळगाव एमआयडीसीत डाळ मिल आहेत, पीव्हीसी पाइपचे आणि चटईचे कारखाने आहेत. पाइप बाजारात जाण्याआधी त्याची दाबाची चाचणी घ्यावी लागते, ती कुणीतरी शिकलेला माणूसच घेतो. दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरचं पाणी रोज तपासावं लागतं. साखर कारखान्याला हंगामात लॅब केमिस्ट लागतो. माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळा आहेत. औषध कंपनीत तर तुमच्या विषयाला कायद्यानेच जागा आहे. रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला औषध उत्पादनाचा ३ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव झाला की तो उत्पादनावर देखरेख करणारा मान्यताप्राप्त माणूस होऊ शकतो. त्यासाठी नाशिक, संभाजीनगर, अंकलेश्वरकडे जावं लागेल, पण ती वाट आहे. सुरुवातीला पगार कमी असतो, हे खरं. आमच्याकडे नव्याला बारा-पंधरा हजार. तो कायम तेवढाच राहत नाही, मात्र काम हाताला बसायला दोन वर्षं द्यावी लागतात.

आता मामांच्या सल्ल्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण घरातला पैसा तिथे जास्त जाणार आहे. पुण्यात कॉट बेसिसवर खोली, मेस आणि अभ्यासिका धरली तर महिन्याला दहा-बारा हजार कुठे गेले नाहीत. क्लासची फी वेगळी. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७७१० रुपये होता. म्हणजे तुमच्या पुण्यातल्या प्रत्येक महिन्याला साधारण दीड क्विंटल कापूस, वर्षाला अठरा क्विंटल. कोरडवाहूत एकरी चार-सहा क्विंटल येतो. तीन-चार एकरांचं अख्खं पीक झालं हे, बियाणं, खत, फवारणी, वेचणी न धरता. हे गणित वडिलांसोबत बसून कागदावर मांडा. ते नाही म्हणणार नाहीत, आपल्याकडचे बाप पोराच्या शिक्षणाला नाही म्हणत नाहीत. म्हणूनच ते तुम्ही मांडलं पाहिजे.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, १७५० गुणांची, वर मुलाखत २७५ ची. लिहिण्याची सवय नसलेल्याला ही वर्षभराची गोष्ट नव्हे. शिवाय वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. ही सवलत मुलांच्या भल्यासाठी आहे, पण तिच्यामुळेच अजून वय आहे म्हणत पस्तिशी गाठलेली मुलं प्रत्येक तालुक्यात आहेत. उलट बँकेच्या क्लार्कला खुल्या वर्गासाठी वय २० ते २८, पीओला, म्हणजे बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरला, २० ते ३०. जी परीक्षा लवकर हातातून जाते ती आधी द्या. बँक आणि रेल्वेचं गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी हे सगळं जळगाव-धुळ्यात राहूनही होतं. त्यातून नोकरी लागली तर राज्यसेवा नंतरही देता येते, स्वतःच्या पैशाने. आणि राज्यसेवाच करायची असेल तर किती प्रयत्न द्यायचे ते सुरुवातीलाच घरच्यांसमोर बोलून ठेवा.

बी.एड.चं उत्तर थोडक्यात देते. शिकवायला मनापासून आवडत असेल तरच करा. दोन वर्षांचं बी.एड., त्याला आधी सीईटी, मग सहावी ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी), मग पवित्र या सरकारी पोर्टलवरची शिक्षक भरती. भरती कधी निघेल ते आपल्या हातात नसतं. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.एस्सी.ही लागते. आवडतं का हे बघायला सोपा मार्ग आहे: गावातल्या आठवी-नववीच्या पाच-सहा मुलांची दोन महिने विज्ञान-गणिताची शिकवणी घ्या. तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा राग आला नाही, तर वडिलांचं म्हणणं बरोबर आहे.

एक गोष्ट तुमच्या यादीत नव्हती, ती म्हणजे एम.एस्सी. जळगावला आपल्या विद्यापीठातच रसायनशास्त्राची प्रशाळा आहे. आणि जॅम नावाची परीक्षा आहे, जिच्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. आपल्याकडच्या कॉलेजांतल्या कित्येक मुलांनी तिचं नावसुद्धा ऐकलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. रसायनशास्त्र हा तिच्यातला एक विषय आहे. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. एक सोडवून बघा. बासष्ट टक्क्यांनी घाबरू नका, तिथे फिजिकल आणि ऑरगॅनिकच्या मूळ कल्पना पक्क्या लागतात.

मित्राच्या कोर्सबद्दल एवढंच, की जॉब गॅरंटी म्हणून फी मागणाऱ्याला एक पैसा देऊ नका. एक्सेल आणि थोडं पायथन स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकट शिकता येतं. महिनाभर रोज बसलात तर पुढचं ठरवता येईल.

लोकांचं बोलणं सोसावं लागेल. लग्नाकार्यात जो भेटेल तो विचारणार, "काय करी ऱ्हायना आते?" आणि प्रायव्हेट म्हटलं की तोंड वाकडं करणार. सोयरिकीच्या वेळी तर जास्तच. सांगायला काहीतरी असावं म्हणून बी.एड.ला नाव घातलेली मुलं मला माहीत आहेत. त्या एका वाक्यासाठी दोन वर्षं घालवू नका.

आता लगेच करण्यासारखं सांगते. एनएटीएस या केंद्र सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नाव नोंदवा, पदवीधर अप्रेंटिसच्या जागा तिथे निघतात. तुमच्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या सरांना भेटून जुने विद्यार्थी कुठे कुठे कामाला आहेत ते विचारा, दोघा-तिघांचे नंबर घ्या, आणि पगार विचारण्याआधी दिवसभर काय करता ते विचारा. मग सकाळच्या एस.टी.ने एरंडोलमार्गे जळगावला या. मार्कशीटच्या झेरॉक्स आणि एका पानाचा बायोडेटा सोबत ठेवा, गेटवर लॅब इन्चार्जचं नाव विचारून भेट मागा. आमच्याकडे कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात कामाचा रेटा असतो आणि नवी माणसं घेतली जातात. त्या दिवसांत आलात तर काम पूर्ण भरात चाललेलं बघायला मिळेल.